पावलांसाठी आणलेला डबा

आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रकं आली. आई अंगणवाडी सेविका, आणि सेविकांच्या संघटनेचं काम करणारी. मानधन असो, पेन्शन असो, मागणी निघाली की पत्रक निघायचं आणि वाटून उरलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली यायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली. त्यांचीच कव्हरं घातलेली पुस्तकं घेऊन शाळेत गेले. त्यातून माझ्या दोन समजुती पक्क्या झाल्या. एक, छापलेलं खरं असलंच पाहिजे. दुसरी, ज्याचं नाव छापलं जात नाही त्याच्यावर कोणीतरी अन्याय केलेला असतो. दुसरी अजून शाबूत आहे. पहिलीपायी मी बाबांचं गाव तोडलं.

बाबा रत्नागिरीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता निवृत्त आहेत. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत. गौरी-गणपतीत तिथे जाखडी नाचतात. मध्ये गाणारे बसतात: शाहीर, ढोलकीवाला, पेटीवाला, मागे सूर ओढणारे दोघे-तिघे. त्यांच्याभोवती नाचणारे गोल धरतात, एका पायात घुंगरांची चाळ बांधून. बघायला येणारे शाहिराचं नाव घेऊन येतात, पण नाच चालतो तो त्या गोलावर. आठ पाय एकाच वेळी अंगणात पडतात तेव्हा कडेला बसलेल्या माणसाला ते कानाआधी मांडीत लागतात. बाबा त्या आठांतले एक. आमच्या गावच्या मेळ्यात त्यांनी वीसेक वर्षं नाचून काढली.

माझ्या जन्माआधी आमच्या शाहिरांची एक कॅसेट निघाली. मुंबईला जाऊन रेकॉर्डिंग केलेली. कव्हरवर फेटा बांधलेल्या शाहिरांचा फोटो, खाली ढोलकीवाल्याचं, पेटीवाल्याचं, कोरसवाल्यांचं नाव, आणि शेवटी दोन शब्द: ‘आणि साथीदार’. आमच्या घरात ती कॅसेट दसऱ्याला पुसून पूजेत ठेवली जायची. बाबा दुसरं गाणं लावायचे. अंतरा संपल्यावर गाणं थांबतं आणि नुसती ढोलकी आणि चाळ राहते, तिथे ते हात वर करायचे.

“हा मी.”

“आठांत तुम्ही कुठले?” मी विचारायची.

“ती पयली चाळ वाजत्ये ना, ती माझी.”

एवढंच. बाबांबद्दल आमच्याकडे अभिमानानं सांगण्यासारखं जे होतं ते या तीन ओळींत संपायचं. वर्कशॉपमध्ये त्यांनी किती गाड्या रस्त्यावर आणल्या याची कॅसेट कोणी काढली नाही.

शिक्षण संपवून मी रत्नागिरीतल्याच एका छापखान्यात डीटीपीला लागले. लग्नपत्रिका, वास्तुशांती, श्रद्धांजलीचे फलक, निवडणुकीत दोन्ही बाजूंची हँडबिलं. पगारातून मी स्वतःसाठी घेतलेली पहिली चैनीची वस्तू म्हणजे स्पीकरची एक लहान जोडी, पुस्तकांच्या कपाटात मावणारी. तळहाताएवढा पडदा, पण आवाज इतका स्वच्छ की गाणारा ओठ कधी मिटतो तेसुद्धा कळावं. कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि त्या स्पीकरवर पहिल्यांदा नीट ऐकली. शाहिरांचा श्वास ऐकू आला. पेटीच्या भात्याची कुरकुर ऐकू आली. चाळ तर खोलीभर सांडली.

पाऊल मात्र ऐकू आलं नाही. चाळ पायात बांधलेली असते. चाळ वाजते आणि पाय पडत नाही, असं कसं होईल? मला ते लगेच पटलं की दोष स्पीकरचा आहे. तो खराही होता. एवढासा पडदा हवा ढकलून ढकलून किती ढकलणार. खालचा, जाड आवाज त्याच्या ताकदीबाहेरचा. ढोलकीची चाट येते, धुम येत नाही. पाऊल त्या धुमच्याही खालचं.

त्याच सुमारास आमच्या गावच्या मंडळानं शाहिरांचा सत्कार ठरवला. मे महिन्यात, मुंबईची माणसं गावात असताना. निमंत्रणपत्रिका आमच्याच छापखान्यात आली आणि ती जुळवायला माझ्याच टेबलावर आली. प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती, ढोलकी, पेटी, कोरस. त्याखाली मंडळाच्या सेक्रेटरीनं पेनानं लिहून दिलं होतं: ‘आणि इतर’.

ते दोन शब्द मी स्वतःच्या हातानं टाइप केले. मग त्याच संध्याकाळी घरी बसून पत्रक लिहिलं. मथळा: ‘इतर म्हणजे कोण?’ मजकूर थोडक्यात असा की कॅसेट लावा आणि ऐका. जी चाळ वाजते ती आठ माणसांच्या पायांत होती. त्या आठ जणांनी तो नाच उचलला म्हणून गाणं उभं राहिलं. आणि इतक्या वर्षांत त्यांचं नाव कोणी एका ओळीतही घातलं नाही. खाली आठ नावं, ठळक टाइपात. त्यातले पाच गेलेले. पहिलं नाव बाबांचं.

पत्रक गावात पोचलं, मोबाइलवर मुंबईलाही पोचलं. मंडळ आधी चिडलं, मग नमलं: तिघा हयात नाचणाऱ्यांचाही सत्कार करू म्हणाले. गेलेल्यांपैकी एकाची बायको, आमची नात्यानं काकू, हिनं गावातून फोन केला.

“माझ्या माणसाचं नाव छापलंस गो तू,” ती म्हणाली आणि पुढे बराच वेळ नुसती रडली. “फोटोजवळ ठेवलंय पत्रक. कॅसेट तिथंच आहे, तिच्याशेजारी.”

मी हवेत गेले. मंडळाला सांगितलं की कार्यक्रमात कॅसेट मी वाजवीन, आणि अशी वाजवीन की आठ जणांची पावलं अख्ख्या मांडवाला ऐकू जातील. बाबा तेव्हा ओटीवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “पावलांचं कशाला आता. नावं आली, बास झालं.”

मला वाटलं, लाजतायत.

त्यासाठी मी सबवूफर, म्हणजे फक्त खालचा आवाज काढणारा स्पीकर, मागवला. आला तो चौकोनी काळा डबा, एका मोठ्या डालड्याच्या डब्याहून जाड. आई त्याला पहिल्या दिवसापासून ‘डबा’च म्हणाली.

“डीजेच्या विरोधात पत्रक कोणी लिवलं व्हतं दोन वर्सांमागं?” तिनं विचारलं. “मी नाय लिवलं. मिरवणुकीत छाती धडधडते, म्हातारी माणसं मरतील, असं कायतरी व्हतं बघ त्यात.”

“हे त्याच्यासाठी नाही, आई. हे जोडीला आहे. लहान स्पीकर जिथे थकतात तिथून खालचं हा घेतो. नीट जुळला तर डबा आहे हे कळतही नाही.”

“मग आणलास कशाला, कळणारच नाय तर?”

हा विनोद होता, पण जुळवणीचं सगळं शास्त्र त्यातच आहे. डबा जुळला की तो दिसेनासा झाला पाहिजे. आवाज लहान स्पीकरमधूनच येतोय असं वाटलं पाहिजे, फक्त त्या स्पीकरना जणू जमीन मिळालीय. मला ते पहिल्या आठवड्यात जमलं नाही. मी डबा कोपऱ्यात ठेवला, कारण जागा तेवढीच होती. आमचं घर चिऱ्याचं, भिंती जाड. कोपऱ्यात ठेवलेला डबा घुमायला लागला. ढोलकी पिंपात वाजवल्यासारखी, शाहिरांचा आवाज सर्दी झाल्यासारखा. मागे तीन गोष्टी फिरवायच्या असतात. एक आवाजाची पातळी. दुसरा क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या पट्टीपासून खालचं काम डब्यानं घ्यायचं ते. आणि तिसरा एक लहानसा खटका, ज्यावर शून्य आणि एकशेऐंशी लिहिलेलं असतं. स्पीकरचा पडदा पुढे येताना डब्याचा मागे जात असेल तर दोघं एकमेकांचा आवाज खातात; खटका फिरवला की दोघं एकत्र चालतात.

जागा शोधायची एक रीत आहे, ती मी वाचली होती. डबा आपण बसतो तिथे ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे रांगताना खालचा आवाज सरळ, सारखा ऐकू येईल तिथे डब्याची जागा. मी डबा बाबांच्या खुर्चीत बसवला आणि गुडघ्यांवर निघाले. आई दारात उभी.

“बघा हो, तुमची लेक. मोर्चात पुढं असत्ये, घरात रांगत्ये.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी खुर्चीतल्या डब्याकडे बघितलं आणि चपला घालून बाहेर गेले. त्या महिन्यात ते बरेचदा बाहेर गेले. मी कॅसेट लावली की त्यांना काहीतरी आठवायचं: दूध, वर्तमानपत्र, कुणाचा तरी वाढदिवस. एकदा नुसतंच म्हणाले, “जुनी टेप आहे, घासलेली. तिच्यात काय राह्यलं असंल आता.” एकदा म्हणाले, “शब्द नीट ऐकू येत व्हते तेच बरं व्हतं.” हे सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी क्रॉसओव्हर फिरवत होते.

शेवटी जागा सापडली: दोन स्पीकरांच्या मधली, भिंतीपासून हातभर पुढे. क्रॉसओव्हर मी आधी फार खाली ठेवला होता, त्यामुळे स्पीकर संपतात आणि डबा सुरू होतो याच्या मधे एक खड्डा राहत होता. तो वर सरकवला, पातळी अर्ध्याहून कमी केली, खटका फिरवला. आणि एका रविवारी सकाळी डबा नाहीसा झाला. ढोलकीची धुम आली, गोल, कोरडी, बोट ठेवता येईल अशी. पेटीचे खालचे सूर आले. मुंबईच्या त्या खोलीतला पंखासुद्धा आला, अगदी तळाशी फिरणारा. मी दुसरं गाणं लावलं. अंतरा संपला. ढोलकी. चाळ.

आणि पाऊल नाही.

मी पुन्हा लावलं. वीस वेळा लावलं असेल. वाटलं, कॉम्प्युटरवर उतरवताना खालचं कापलं गेलं. पण मग ढोलकी कशी आली, पंखा कसा आला? वाटलं, डबाच तेवढा खाली जात नाही. मग मला माझ्याच फोनमधलं मागच्या गणपतीतलं रेकॉर्डिंग आठवलं. बाबा त्या वेळी गोलात नव्हते, पण बाहेर उभे राहून ठेका देत होते. फोन मी अंगणातल्या चिऱ्यावर ठेवला होता. ते लावलं. गाणं गढूळ, शब्द एक कळेना, पण पावलं आली. आठच्या आठ, एका दमात, फरशीतून माझ्या टाचांना लागत. कपाटाची काच थरथरली. आई स्वयंपाकघरातून बघायला आली की कोण नाचतंय.

डबा खोटं बोलत नव्हता.

बाबा दूध घेऊन आले तेव्हा मी कॅसेट थांबवून बसले होते. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, “बाबा, कॅसेटमध्ये पाय का नाहीत?”

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. हात धुतले. 

“आमाला आत घेतलंच नाय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“आमी गेलो व्हतो. आठी जण. एसटीनं, एका रात्रीत, कपडे घेऊन, चाळ घेऊन. तिकडं त्यो काचेच्या मागला माणूस म्हणाला, नाचणारे कशाला? पायांनी माईक हलतो. ऐकणाऱ्याला काय नाच दिसनार आहे? बरोबरच व्हतं त्याचं. मग आमी जिन्यावर बसलो.”

“किती वेळ?”

“सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत. गाणं काय बाहेर ऐकू येत नव्हतं. दार उघडलं की तेवढं यायचं. मग एकदा त्यो बाहेर आला, म्हणाला, एक चाळ द्या, चव आणायला. मी पयला बसलो व्हतो दाराशी. माझी घेतली.”

म्हणून ‘ती पयली चाळ माझी’. इतकी वर्षं ते खोटं बोलले नव्हते. चाळ त्यांचीच होती. कुठल्या तरी अनोळखी माणसानं ती हातात धरून खुळखुळवली होती.

“आणि तुम्ही गावात सांगितलंत की नाचलो.”

“येताना गाडीत ठरलं. एवढी लोकं सोडायला आली व्हती फाट्यावर. काय सांगायचं व्हतं, जिना बघून आलो?”

मला राग आला. त्यांचा नाही. त्या काचेमागच्या माणसाचा, शाहिरांचा, ज्यांना हे माहीत होतं आणि जे फेटा बांधून गप्प राहिले. आठ माणसं कोकणातून मुंबईला नेऊन जिन्यावर बसवली आणि त्यांच्या पायातलं काढून आत नेलं: यापेक्षा उघड अन्याय मी कधी पत्रकात लिहिला नव्हता. माझ्या डोक्यात मथळा तयार होत होता हे मी लपवत नाही. आणि दुसरंही होतं. माझं पहिलं पत्रक खोटं ठरलं होतं. ‘कॅसेट लावा आणि ऐका’ असं मी छापलं होतं.

“मला दुरुस्ती छापावी लागेल,” मी म्हणाले.

“कुणाची? माझी?”

“माझी. मी चुकीचं छापलं.”

बाबा पहिल्यांदाच माझ्या समोर बसले. “हे बघ. कार्यक्रमाला तू ते लहान स्पीकर ने. डबा घरी ठेव. त्या स्पीकरवर कदी कुणाला कळलं नाय, आता पण नाय कळणार. चाळ ऐकू येत्ये ना? तेवढी पुरे लोकांना.”

मी आईकडे बघितलं. छापून चुकलं तर छापूनच दुरुस्त करायचं, तोंडी माफी ही पळवाट असते: हे तिनं मला शिकवलं होतं. एका चुकलेल्या तारखेपायी तिनं एकदा रणरणत्या उन्हात दुसरं पत्रक गावोगाव वाटलं होतं.

आई म्हणाली, “ते संघटनेत, बाय. हे घर आहे.”

“घरात खोटं चालतं?”

“घरात माणूस चालतो,” ती म्हणाली. “तुला कळंल तवा कळंल.”

मला अशी वाक्यं आवडत नाहीत. ज्यांच्याकडे मुद्दा नसतो त्यांच्याकडे वय असतं. मी बाबांना सांगितलं की जिन्यावर बसण्यात त्यांची लाज नाही, बसवणाऱ्याची आहे. लोक हे वाचतील तेव्हा शाहिरांवर चिडतील, तुमच्यावर नाही. मी त्यांना हेही सांगितलं की लहान स्पीकरवर वाजवणं म्हणजे मीसुद्धा त्या काचेमागच्या माणसासारखं पाय कापून टाकणं. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

बाबा म्हणाले, “छाप मग. तू विचारायला नाय आलीस, सांगायला आलीस.”

मी छापलं. ‘चाळ आत, पाय बाहेर’. जिना, दाराशी बसलेले बाबा, आत गेलेली चाळ, परतीच्या गाडीत ठरलेलं सगळं. ते शेवटचं वगळता आलं असतं. पण मी ठरवलं की अर्धं सत्य नको. एवढा एक परिच्छेद मी ठेवला नसता तर कदाचित लोक शाहिरांवर चिडलेही असते. ठेवला, आणि लोकांनी फक्त तोच वाचला.

कोणी चिडलं नाही. लोक हसले. तीसेक वर्षं आठ जणांनी गावाला गंडवलं याची गंमत गावाला त्या जिन्याहून फार मोठी वाटली. मांडवात मी सगळं सामान घेऊन गेले, डब्यासकट, कारण मंडळाला शब्द दिला होता. कॅसेट लावली. गावकऱ्यांनी इतक्या लक्षपूर्वक ती कधी ऐकली नसेल. दुसऱ्या गाण्यात अंतरा संपला आणि मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, “वाढव गो आवाज जरा, जिना ऐकू येतोय काय बघू.”

मांडव हसला. बायकांच्या बाजूलाही हसू आलं. डबा उत्तम जुळलेला होता. उघड्यावर असूनही ढोलकीची धुम शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ जात होती.

शाहीर बोलायला उभे राहिले. आता थकलेत, हात धरून उठवावं लागतं. ते वाईट माणूस नाहीत, हे मला कबूल करावं लागतंय. “ते बाहेर बसले ते माझं चुकलं,” ते म्हणाले. “तेव्हा माझी पण पहिलीच वेळ. मीही घाबरलेलो होतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाहिरांसाठी. मग निवेदन करणाऱ्या माणसानं माईक घेतला आणि हसत पुकारलं, “चला, जिन्यावरची मंडळी, आता वर या.”

तिघांपैकी एक मुंबईहून आलाच नव्हता. दुसरे उठले आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेले. बाबा एकटे वर गेले. त्यांना शाल घातली, नारळ दिला. फोटोसाठी थांबवलं. मी मागितलं होतं ते सगळं मिळालं: सत्कार, व्यासपीठ, माईकवरून घेतलेलं नाव.

सामान गुंडाळत होते तेव्हा काकू आली. ती हसणाऱ्यांत नव्हती. हातात तिची कॅसेट होती, पूजेच्या कुंकवाचे डाग पडलेली.

“ही घे,” ती म्हणाली.

“काकू, अहो, काकांची काही चूक नव्हती. मी तेच लिहिलंय.”

“काय लिवलंयस ते मी वाचून घेतलं नातीकडनं. मला एवढं सांग. ते मेले तवापासनं मी दर दिवाळीला ही लावत व्हते. मला पाय ऐकू यायचे त्यांचे. आता कुठं ऐकू?”

“पण ते त्यात नव्हतेच, काकू.”

“मशिनीत नव्हते,” ती म्हणाली. “मला यायचे.”

तिनं कॅसेट डब्यावर ठेवली आणि गेली. मी तिच्यामागे गेले नाही. सत्य कुणाच्या मालकीचं नसतं असं मी मानते. पण ते सांगायचं ठरवताना मी बाकीच्या सात घरांपैकी एकाही घरात विचारलं नव्हतं, माझ्या स्वतःच्या घरात तर न विचारताच नकार मिळाला होता. ज्या काचेमागच्या माणसावर मी पान भरून लिहिलं, त्यानंही बहुतेक असंच केलं असेल: त्याला ध्वनी स्वच्छ हवा होता.

त्या आठ घरांना आता गावात ‘जिन्यावरचे’ म्हणतात. कुणी दुष्टपणानं म्हणत नाही, नुसतं ओळख पटवायला म्हणतात. जिन्यावरच्यांच्या शेतात पाणी शिरलं. जिन्यावरच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. हे नाव मी दिलं. एवढ्या पत्रकांत माझा लोकांच्या तोंडी बसलेला हा एकच शब्द.

सबवूफर घरात आहे. मी तो विकला नाही. बाबा खोलीत असले की मी काही लावत नाही, आणि बाबा हल्ली खोलीतच असतात.

गौरी-गणपतीच्या आधी दरवर्षी ते पंधरा दिवस गावी जायचे. नव्या नाचणाऱ्यांची पावलं बसवायला. गुडघे गेले तरी ठेका त्यांच्या तोंडातून काढून घ्यायचे लोक. या वर्षी गावातून चुलत्यांचा फोन आला. मी शेजारीच भाजी निवडत बसले होते, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“कदी येतोस? तालमीला सगळी थांबलीयत.”

“नाय जमणार. पाय दुखतो.”

“कुठला?”

बाबांनी खाली पायांकडे बघितलं. “दोनी,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मी म्हणाले, “बाबा, दोघं जाऊ. मी येते बरोबर. कुणी काही बोललं तर मी उत्तर देईन.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीच्याच आवाजात बोलले, भाजी काय आणलीस असं विचारावं तसं.

“तू जा गो. तुला आता तिकडं सगळी ओळखतात.”

मी गेले नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. गणपतीचे पाच दिवस आम्ही दोघं रत्नागिरीतच होतो, आणि आई एकटी गावी जाऊन आली.